राजकीय टोमण्याचा उगम कसा शोधावा : विदर्भातील गावपातळीवरच्या अभ्यासकासाठी

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात गहुली हे वसंतराव नाईक यांचे गाव आहे. नाईक ५ डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते आणि त्यांच्याच कारकिर्दीत मुंबईतल्या शिवसेनेला तिचे विरोधक ‘वसंतसेना’ म्हणून हिणवू लागले. मुख्यमंत्र्यांचा या संघटनेला छुपा आश्रय आहे, असा विरोधकांचा आरोप होता आणि तो त्यांनी या एका शब्दात बसवला. हा शब्द नेमका कोणी काढला, असे विचारले की प्रत्येक जण वेगळे नाव सांगतो. त्या काळचे राजकारण जाणतेपणी पाहिलेली माणसे आज पंचाहत्तरीच्या पुढे गेलेली आहेत, त्यामुळे हे काम हाती घ्यायचे असेल तर ते आताच घ्यावे लागेल. गावातील शिक्षक, वार्ताहर, ग्रंथपाल किंवा महाविद्यालयीन विद्यार्थी यांना हे काम करता यावे, अशा बेताने पुढील मार्गदर्शन लिहिले आहे. ‘वसंतसेना’ आणि ‘आयाराम-गयाराम’ हे दोन शब्द नमुन्यादाखल घेतले असले, तरी तुमच्या तालुक्यातील कोणत्याही टोमण्याला हीच पद्धत लावता येईल.

आरंभीच एक गोष्ट पक्की करावी लागते. ‘हा शब्द कोणाचा?’ या प्रश्नात तीन प्रश्न दडलेले असतात. तो पहिल्यांदा कोणी उच्चारला, तो कोणामुळे पसरला आणि लोक तो कोणाच्या नावावर सांगतात, हे ते तीन प्रश्न होत. बहुतेक चुकीचे निष्कर्ष या तिघांची सरमिसळ केल्यामुळे निघतात. गावातील साक्षीवरून दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर भक्कमपणे देता येते. पहिल्याचे उत्तर मात्र तारीख असलेल्या कागदावाचून देता येत नाही, आणि कागद मिळाला तरी तो ‘आजवर सापडलेला सर्वांत जुना वापर’ एवढेच सिद्ध करतो. वहीची तीन पाने या तीन प्रश्नांसाठी आधीच वेगळी ठेवावीत आणि मिळालेली प्रत्येक माहिती कोणत्या पानावर जाते, हे लिहितानाच ठरवावे.

शब्द ऐकला तसा उतरवणे

पहिली पायरी साधी वाटते, पण तिथेच सर्वाधिक नुकसान होते. सांगणारा वऱ्हाडीत बोलतो आणि लिहिणारा ते प्रमाण मराठीत उतरवतो, त्यामुळे शब्दाचा मूळ घाट नाहीसा होतो. ‘तवा लोकं त्याईले वसंतसेनाच म्हनत’ हे वाक्य तसेच लिहावे. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो आणि ‘पोळा’ हा ‘पोया’ होतो, तेव्हा टोमण्यातही असा बदल झाला असेल तर तो जपून ठेवावा, कारण शब्द वर्तमानपत्रातून गावात आला की गावातून वर गेला, याचा माग कधीकधी अशा उच्चारावरूनच लागतो. प्रत्येक नोंदीत शब्दासोबत चार बाबी हव्यात : कोणी म्हटले, कोणाला उद्देशून म्हटले, ती व्यक्ती समोर होती की मागे, आणि ऐकणाऱ्यांनी त्यावर काय केले. सभेत टाळ्या घेणारा शब्द आणि पारावर दबक्या आवाजात बोललेला शब्द एकच असला, तरी त्यांचे जीवन वेगळे असते.

शब्दाचे जुने घर आणि काळाची खालची सीमा

राजकारणात नवे शब्द फार कमी घडतात. बहुधा जुना शब्द नव्या माणसाला चिकटवला जातो, म्हणून त्याचे आधीचे घर पाहावे. त्यासाठी मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (मूळ खंड १९३२ ते १९३८) ही दोन साधने पुरेशी आहेत. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दोन्ही कोश शोधता येतात, त्यामुळे तालुक्याच्या ग्रंथालयात ते नसले तरी अडत नाही. एखादा शब्द या कोशांत हेटाळणीच्या अर्थाने आधीच नोंदलेला असेल, तर १९६० नंतरच्या पुढाऱ्याला त्याचे जनकत्व देता येणार नाही.

‘वसंतसेना’ हे नाव शूद्रकाच्या मृच्छकटिक नाटकातील नायिकेचे आहे. ती उज्जयिनीची गणिका आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठीत आणल्यामुळे हे नाव संस्कृत न शिकलेल्या मराठी प्रेक्षकालाही परिचयाचे झाले होते. टोमण्याची धार या परिचयात आहे : ‘वसंतरावांची सेना’ हा वरचा अर्थ, आणि धनवंताच्या आश्रयाने राहणारी स्त्री हा आतला. मला येथे नमूद करावेसे वाटते की नाटकातील वसंतसेना या हेटाळणीला मुळीच पात्र नाही. ती गरीब चारुदत्तावर निरपेक्ष प्रेम करते आणि त्याच्या लहान मुलाची मातीची गाडी आपल्या दागिन्यांनी भरून देते. टोमणा मारणाऱ्याने तिचा फक्त व्यवसाय उचलला आणि स्वभाव टाकून दिला. अशी निवड नोंदवून ठेवणे हाही उगमाच्या अभ्यासाचा भाग आहे, कारण शब्द घडवणारा माणूस कोणत्या वाचकवर्गाशी बोलत होता हे त्यातून कळते. हा शब्द नाटक माहीत असलेल्या शहरी माणसाने घडवला असावा आणि नंतर तो खाली झिरपला असावा, असा अंदाज त्यावरून बांधता येतो. मात्र तो वहीत अंदाज म्हणूनच लिहावा.

यानंतर काळाची खालची सीमा ठरवावी, म्हणजे ज्या तारखेपूर्वी हा शब्द त्या अर्थाने अस्तित्वात असूच शकत नाही ती तारीख. शिवसेनेची स्थापना १९ जून १९६६ रोजी झाली. त्यामुळे कोणी ‘बासष्टच्या निवडणुकीत आम्ही हा शब्द ऐकला’ असे सांगितले, तर सांगणाऱ्याची आठवण सरकली आहे हे लगेच समजते. वरच्या सीमेच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. नाईक १९७५ मध्ये पायउतार झाले, पण पुढे १९७७-७८ आणि १९८३-८५ या काळात वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. दोघांच्याही नावात ‘वसंत’ असल्याने हा शब्द दुसऱ्यांदा वापरायला सोयीचा होता आणि ऐकणाऱ्याच्या आठवणीत दोन काळ एकमेकांत मिसळायलाही. म्हणून शब्द ऐकलेल्या माणसाला ‘वसंतराव की वसंतदादा?’ हा प्रश्न न चुकता विचारावा. तसेच शब्दाचे श्रेय ‘समाजवाद्यांना’ दिले गेले, तर ते कोणते समाजवादी हे विचारावे. प्रजा समाजवादी पक्षाने १९६८ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत शिवसेनेशी युती केली होती. त्या पक्षाच्या माणसाने युतीच्या ऐन भरात आपल्या मित्रपक्षाला हे नाव दिले असेल, ही शक्यता कमी आहे.

माणसांना विचारणे

मुलाखतीला बसताना शब्द आपण आधी उच्चारू नये. ‘काकाजी, तुमी वसंतसेना हा शब्द आयकला काय?’ असे विचारले की वडीलधारा माणूस भिडेखातर ‘हो’ म्हणतो आणि साक्ष तिथेच निकामी होते. त्याऐवजी ‘काकाजी, तवा शिवसेनेले विरोधातले लोकं काय म्हनत?’ असे विचारावे आणि थांबावे. शब्द त्यांच्या तोंडून आपोआप आला, तर त्याचे मोल वेगळे असते, आणि वहीत ‘न सुचवता आला’ किंवा ‘सुचवल्यावर आठवला’ अशी खूण करून ठेवावी. स्त्रियांना जरूर विचारावे. सभेला न गेलेल्या आजीने तो शब्द शेतात निंदणाच्या वेळी किंवा विहिरीवर ऐकला असेल, तर त्याचा प्रसार किती खोल गेला होता याचा तो उत्तम पुरावा ठरतो.

वर्ष थेट विचारू नये. ‘कोणत्या साली?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर बहुधा अंदाजाचे असते. आपल्या भागात काळ मोजायच्या खुणा भरपूर आहेत, त्यांचा आधार घ्यावा. हायब्रीड ज्वारी १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर शेतात आली, बांगलादेशाचे युद्ध १९७१ च्या डिसेंबरात झाले, कापसाची एकाधिकार खरेदी (कापूस फक्त पणन महासंघालाच, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘फेडरेशन’ला, विकायची योजना) आणि मोठा दुष्काळ या दोन्ही गोष्टी १९७२ च्या, आणीबाणी २५ जून १९७५ ची. ‘कापूस तवा खासगी जिनवाल्याले देत होते का फेडरेशनले?’ या एका प्रश्नाने पाच-सहा वर्षांचा घोळ मिटू शकतो. त्यांच्या घरच्या खुणाही घ्याव्यात, म्हणजे लग्न झाले होते का, थोरला मुलगा शाळेत जात होता का, गावात वीज आली होती का. दोन स्वतंत्र खुणा एकाच वर्षाकडे बोट दाखवत असतील, तर ते वर्ष स्वीकारावे. एकच खूण असेल, तर ‘सुमारे’ लिहावे.

गावात गट असतात आणि जुने राजकारण अजून संपलेले नसते. दोन्ही गटांची माणसे एकत्र बसवून टोमण्याविषयी विचारू नये. ध्वनिमुद्रण करण्याआधी परवानगी घ्यावी, आणि ती मुद्रणाच्या सुरुवातीला त्यांच्याच आवाजात नोंदवून घ्यावी. जातीवाचक टोमणा समोर आला, तर तो अभ्यासासाठी वहीत नोंदवावा, परंतु चारचौघांत तो पुन्हा उच्चारून ‘हेच ना?’ असे विचारू नये. त्यामुळे माणसे दुखावतात, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होऊ शकतो.

पोळ्याच्या झडत्या आणि मारबत

विदर्भातील अभ्यासकाजवळ एक साधन असे आहे की ज्याचा उपयोग फार थोड्यांनी केला आहे. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असताना झडत्या, म्हणजे चढाओढीने म्हणायची खोचक पद्ये, म्हटल्या जातात आणि प्रत्येक झडतीच्या शेवटी ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ असा घोष होतो. झडतीत देवाधर्माबरोबर महागाई, सावकार, सरकार आणि पुढारी यांची यथेच्छ खबर घेतली जाते. म्हणणाऱ्यांमध्ये चढाओढ असल्यामुळे त्या वर्षीचा ताजा शब्द झडतीत येतो. ज्या वर्षी एखादा टोमणा झडतीत आला, त्या वर्षी तो गावातल्या सर्वांना समजत होता, असे मानायला हरकत नाही, कारण न समजणाऱ्या शब्दावर तोरणाखाली कोणी हसत नाही.

झडती पद्यात असते आणि यमकामुळे शब्द बदलायला सहजी जागा मिळत नाही, त्यामुळे गद्य आठवणीपेक्षा ती अधिक विश्वसनीय असते. मात्र तिच्यात एक धोका आहे. जुनी झडती नव्या पुढाऱ्याचे नाव घालून पुन्हा म्हटली जाते. म्हणून एकाच गावातून एक पाठ घेऊन थांबू नये, शेजारच्या तीन-चार गावांतून तीच झडती मिळवावी आणि पाठ समोरासमोर मांडावेत. ज्या ओळी सगळ्यांत समान आहेत त्या जुन्या, आणि जिथे गावागणिक नाव बदलते ती जागा नंतर भरलेली, असा सर्वसाधारण ठोकताळा धरता येतो. नाव बदलल्यामुळे यमक किंवा मात्रा बिघडत असतील, तर तो ठोकताळा आणखी पक्का होतो. ज्यांच्या घरात झडत्यांच्या जुन्या वह्या आहेत, त्यांच्याकडून वही मागून न नेता तिथेच बसून पानांची छायाचित्रे घ्यावीत. वहीचे मुखपृष्ठ, शाळेचे नाव, इयत्ता आणि मागच्या पानावरचे हिशेब यांचीही छायाचित्रे घ्यावीत, कारण वहीचे वर्ष बहुधा तिथून कळते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे ईडा-पीडेचे प्रतीक मानलेल्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. ही परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून चालत आली आहे. मारबतीसोबत बडगे नावाचे पुतळे असतात आणि त्यांच्या अंगावर त्या वर्षीच्या राजकारणावरचे शब्द लिहिलेले असतात. खेड्यापाड्यांतही ‘ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत ती गावाबाहेर नेतात. बडग्यावरील मजकूर हा तारीख असलेला पुरावा आहे, कारण पोळा श्रावण अमावास्येला येतो आणि कोणत्याही वर्षाची ती तारीख जुन्या पंचांगात सापडते. नागपूरच्या वर्तमानपत्रांत त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत मिरवणुकीचे वृत्त आणि बहुधा छायाचित्र येते. शोधाची वर्षे ठरली असतील, तर प्रत्येक वर्षातील फक्त हे दोन अंक पाहून तासाभरात दहा वर्षे चाळून होतात.

छापील कागद

वर्तमानपत्रांच्या संचिका पाहताना कोणते पत्र केव्हा होते, हे आधी ठाऊक असावे. नागपूरचा तरुण भारत १९४४ पासूनचा, ग. त्र्यं. माडखोलकर त्याचे संपादक होते. लोकमत हे नाव १९१८ मध्ये यवतमाळला लोकनायक बापूजी अणे यांच्या साप्ताहिकापासून चालत आलेले असले, तरी नागपूरहून दैनिक म्हणून ते १५ डिसेंबर १९७१ पासून निघू लागले. म्हणजे ‘१९६८ च्या दैनिक लोकमतमध्ये वाचले’ ही आठवण तपासताना पत्राचे नाव किंवा वर्ष यांपैकी एक बाद होते. अशी चाळण लावल्याने साक्षीदार खोटा ठरत नाही. त्याने कदाचित दुसरे पत्र वाचलेले असते आणि नंतर रोज घरी येणाऱ्या पत्राचे नाव त्यावर बसलेले असते.

ज्यांनी टोमणा मारला त्यांच्या पत्रांइतकीच, ज्यांना तो लागला त्यांची पत्रेही पाहावीत, किंबहुना ती आधी पाहावीत. चिडलेला पक्ष उत्तर देतो, उत्तरात शब्द उद्धृत करतो आणि बहुतेक वेळा कोणी म्हटले तेही सांगून टाकतो. ‘वसंतसेना’ शोधायचा असेल तर एका बाजूला समाजवादी विचाराचे साधना साप्ताहिक, ज्याचे जुने अंक संगणकावर उपलब्ध आहेत, आणि दुसऱ्या बाजूला शिवसेनेच्या बाजूने लिहिणारे मार्मिक, हे दोन्ही चाळावेत. व्यंगचित्रांच्या खालच्या ओळी सोडू नयेत.

निवडणुकीची पत्रके हा आणखी एक दुर्लक्षित ठेवा आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ मध्ये १९६१ साली घातलेल्या कलम १२७-क नुसार निवडणूक पत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता असणे बंधनकारक आहे. तारीख नसलेले पत्रक हाती आले, तर खालच्या कोपऱ्यातील छापखान्याचे नाव वाचावे. तो छापखाना केव्हा सुरू झाला, केव्हा बंद पडला आणि उमेदवार कोणत्या निवडणुकीत उभा होता, यावरून वर्ष निश्चित होते. जुने कार्यकर्ते अशी पत्रके ट्रंकेत, पोथीत किंवा घराच्या आढ्याला जपून ठेवतात.

सभागृहातील नोंद, आणि ‘आयाराम-गयाराम’

विधिमंडळाची आणि संसदेची कार्यवाही तारखेसह छापली जाते, आणि लोकसभेतील चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात शोधता येतात. राज्य विधिमंडळाचे वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घेण्याची बाब २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात आहे, त्यामुळे अधिवेशनाच्या काळातील नागपूरची वर्तमानपत्रे कार्यवाहीच्या जोडीने वाचावीत. जोडीने वाचण्याचे कारण असे की, असंसदीय शब्द अध्यक्षांच्या आदेशाने कामकाजातून काढून टाकले जातात. नेमका ज्याचा आपण शोध घेत असतो तो शब्द अधिकृत नोंदीत नसतो, पण दुसऱ्या दिवशीच्या बातमीत त्याची सावली असते. कार्यवाहीत शब्द आढळला नाही म्हणून तो उच्चारलाच गेला नाही, असा निष्कर्ष काढू नये.

‘आयाराम-गयाराम’ या शब्दावरून नावे कशी सरकतात ते दिसते. हरियाणा राज्य १ नोव्हेंबर १९६६ रोजी झाले. १९६७ च्या निवडणुकीत हसनपूर मतदारसंघातून गयालाल नावाचे आमदार अपक्ष म्हणून निवडून आले आणि थोड्याच काळात त्यांनी अनेकदा पक्ष बदलला. ते पुन्हा आपल्या बाजूला आल्यावर हरियाणाचे नेते राव बिरेंद्रसिंह यांनी पत्रकारांपुढे ‘गयाराम आता आयाराम झाला’ अशा अर्थाचे उद्गार काढले, ही कथा सर्वाधिक प्रचलित आहे. कथा तपासताना कुठे ‘एका दिवसात तीनदा’, तर कुठे ‘पंधरवड्यात तीनदा’ असे आढळते. कालावधी जितका लहान तितकी कथा रंगतदार होते, म्हणून मी मोठा कालावधी सांगणाऱ्या पाठाला अधिक वजन देतो.

या शब्दाचे श्रेय यशवंतराव चव्हाण यांनाही दिले जाते, आणि महाराष्ट्रात असे होणे समजण्यासारखे आहे. त्या वेळी चव्हाण केंद्रात गृहमंत्री होते. डिसेंबर १९६७ मधील लोकसभेच्या ठरावानंतर पक्षांतराच्या प्रश्नावर नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते आणि तिचा अहवाल १९६९ मध्ये आला. मार्च १९६७ ते फेब्रुवारी १९६८ या एका वर्षात ४३८ पक्षांतरे झाल्याची नोंद त्या काळाची आहे. एवढ्या मोठ्या विषयाचा जो चेहरा बनतो, त्याच्या तोंडी त्या विषयाचा गाजलेला शब्द घातला जातो. चव्हाण हे प्रसाराच्या पानावर लिहावेत, उगमाच्या पानावर नव्हे. पुढे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले आणि हा शब्द पुन्हा वर्तमानपत्रांत भरून आला, त्यामुळे अनेकांच्या आठवणीत तो ‘पंच्याऐंशीचा’ आहे.

जुना अंक शोधताना शब्दाची सर्व रूपे पाहावीत : आयाराम गयाराम, आया राम गया राम, मधे आडवी रेघ असलेले रूप, आणि केवळ ‘आयाराम’. खिळ्यांवर छापलेली जुनी देवनागरी संगणकाला नीट वाचता येत नाही, म्हणून ‘शोधले, काही मिळाले नाही’ यावर समाधान मानू नये आणि संशयित आठवड्यांचे अंक डोळ्यांनी वाचावेत.

निष्कर्ष लिहिताना

लेखात प्रत्येक विधानापुढे त्याचा आधार कोणत्या दर्जाचा आहे, हे वाचकाला दिसले पाहिजे. तारीख असलेला समकालीन कागद सर्वांत वर, त्यानंतर न सुचवता मिळालेल्या आणि परस्परांशी संबंध नसलेल्या साक्षी, त्यानंतर पन्नास वर्षांनी लिहिलेली आत्मचरित्रे आणि गौरवग्रंथ. आत्मचरित्राला मी मुद्दाम खालची जागा देतो, कारण गाजलेला शब्द आपलाच होता असे वाटू लागणे ही माणसाची सर्वसाधारण दुर्बलता आहे. दोन दावे समबळ असतील, तर दोन्ही छापावेत. हयात व्यक्तीच्या नावावर टोमणा लावताना लेखी आधार असल्याशिवाय नाव देऊ नये, कारण बदनामीचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येतो आणि गावातील वितुष्ट तर त्याआधीच सुरू होते. टोमण्यामागचा आरोप खरा होता की खोटा, हा वेगळा प्रश्न आहे. शब्दाचा उगम शोधून तो सुटत नाही, असे लेखात स्पष्ट लिहावे.

मुलाखतींच्या ध्वनिफितींची, झडत्यांच्या पाठांची आणि पत्रकांच्या छायाचित्रांची एक प्रत तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात आणि दुसरी जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागात द्यावी. प्रत्येक संचावर गाव, तारीख, मुलाखत घेणाऱ्याचे नाव आणि सांगणाऱ्याने घातलेल्या अटी लिहाव्यात, आणि सांगणाऱ्याच्या घरीही त्यांच्या मुलाखतीची एक प्रत पोचवावी.